घरगुती साइड-स्कॅन सोनारमधली खरखर कुठून शिरते आणि ती कशी काढायची

साइड-स्कॅन सोनार म्हणजे दोन्ही बाजूंना ध्वनी सोडून त्याच्या पडघ्यांवरून (प्रतिध्वनींवरून) पाण्याच्या तळाचं चित्र काढणारं यंत्र. प्रश्न थोडक्यात असा आहे. पीव्हीसी पाइपमध्ये डाव्या-उजव्या बाजूला ४५५ किलोहर्ट्झचा एकेक ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग) बसवून टोफिश (पाण्यात ओढायचा भाग) तयार केला आहे आणि ३० मीटर केबलने तो बोटीमागे ओढला जातो. ॲम्प्लिफायर, लॅपटॉप आणि १२ व्होल्टची बॅटरी बोटीत आहे. घरच्या टाकीत सगळं नीट चालतं. धरणाच्या पाण्यात मात्र चित्रावर तिरक्या तुटक रेघा दिसतात, कडांकडे वाढत जाणारी पांढरी खरखर येते आणि मध्येच चित्रभर आडवे पट्टे उमटतात. कोणता फिल्टर लावावा, असं विचारलं आहे.

फिल्टर शेवटी बघू, कारण ही तीन लक्षणं एका रोगाची नाहीत. तिरक्या रेघा दुसऱ्या कुठल्या तरी सोनारच्या आहेत. कडांची खरखर विजेची आहे. आडवे पट्टे बहुधा बुडबुड्यांचे किंवा टोफिशच्या हेलकाव्यांचे आहेत. तिघांचा शिरायचा रस्ता वेगळा, म्हणून उपायही वेगळा. रस्ता न शोधता सॉफ्टवेअरमध्ये चित्र गुळगुळीत करत बसलं की खरखरीसोबत तळावरच्या बारीक वस्तूही जातात, आणि आपण हे यंत्र त्या वस्तू दिसाव्यात म्हणूनच बांधलेलं असतं.

पहिली चाचणी फुकटात होते. पाण्यात टोफिश सोडा, प्रेषकाचा वीजपुरवठा तोडा आणि ग्रहण मात्र नेहमीच्याच वेळापत्रकाने, तेवढ्याच गेनवर (ॲम्प्लिफायर संकेत किती पट वाढवतो त्यावर) चालू ठेवा. आता पडद्यावर जे काही दिसेल त्यातला एकही ठिपका तुमच्या पिंगचा (सोडलेल्या ध्वनीच्या ठोक्याचा) पडघा नाही. जी खरखर तशीच राहिली ती बाहेरची. जी गेली ती तुमच्याच आवाजाने तयार केलेली, म्हणजे एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूत गळणं, पाण्याच्या पृष्ठभागावरून येणारा पडघा, किंवा मागच्या पिंगचा उशिरा आलेला पडघा.

दुसरी चाचणी थोडी मेहनतीची. टोफिशमधला ट्रान्सड्यूसर काढून त्याच जागी तेवढ्याच मूल्याचा कपॅसिटर जोडा, पाइप पुन्हा बंद करा आणि तसाच ओढा. कपॅसिटरला पाण्यातला आवाज ऐकू येत नाही. तरीही खरखर राहिली तर ती विजेची, गेली तर ती पाण्यातून येत होती. मग बोट वाहती सोडून एकेक गोष्ट बंद करत जा: आधी इंजिन, मग लॅपटॉपचा चार्जर, फिशफाइंडर (मासे आणि खोली दाखवणारा छोटा सोनार), इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर. प्रत्येक पायरीला अर्धा मिनिट कच्ची नोंद साठवा आणि फाइलला तसं नाव द्या. घरी शांतपणे या फाइली एकाखाली एक लावून पाहिल्या की दोषी उपकरण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

एक गोष्ट धीर देणारी आहे. काहीशे किलोहर्ट्झवर पाणी स्वतः फार शांत असतं. १०० किलोहर्ट्झच्या वर उरतो तो मुख्यतः पाण्याच्या रेणूंच्या औष्णिक हालचालीचा आवाज. लाटा, पाऊस, दूरच्या जहाजांचा गडगडाट हे सगळं त्याच्या बरंच खाली राहतं. मालवणसारख्या खडकाळ, उबदार किनाऱ्यावर चुटचुट वाजणाऱ्या कोळंबीच्या जाती असतात, पण त्यांचाही जोर मुख्यतः २०० किलोहर्ट्झच्या आतच असतो. म्हणून ४५५ वर पडदा पांढरा होत असेल तर निसर्गाला दोष देऊ नका. काहीतरी माणसाने बनवलेलंच बोलतंय.

आता तिरक्या रेघा. तुमची पल्ल्याची मर्यादा ५० मीटर असेल तर आवाजाला जाऊन-येऊन १०० मीटर कापायचे, म्हणजे १५०० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुमारे ६६.७ मिलिसेकंद. शेजारचा फिशफाइंडर दर ७० मिलिसेकंदांनी बोलत असेल, तर त्याचा ठोका तुमच्या प्रत्येक नव्या ओळीत ३.३ मिलिसेकंद उशिरा पडतो, आणि चित्रात तो अडीच मीटर बाहेर सरकलेला दिसतो. ओळीमागून ओळ हे होत गेलं की तिरकी रेघ तयार होते. उलट हिशेब केला तर रेघेच्या उतारावरून त्या उपकरणाचा ठोका काढता येतो आणि ते तुमच्या बोटीतलं की शेजारच्या, हेही कळतं. दोन्ही ठोके जुळले तर रेघ बोटीच्या मार्गाला समांतर, सरळ येते आणि ती तळावरची पाइपलाइन वाटू शकते. अशा सरळ रेघेवर लगेच विश्वास ठेवू नका.

फिशफाइंडर २०० किलोहर्ट्झचा असला तरी तो निर्दोष ठरत नाही. त्याचा तडाखा सामाईक बॅटरीच्या तारांतून येतो, किंवा तुमच्या पहिल्या ॲम्प्लिफायरपुढे चाळणी (नको त्या वारंवारता अडवणारा फिल्टर) नसेल तर त्याला क्षणभर बधिर करून टाकतो. उपाय अर्थातच तो बंद करणं. खोली हवीच असेल तर दोघांना एकाच ट्रिगरवर बांधा, म्हणजे त्याचा ठोका तुमच्या पिंगच्याच क्षणी, पडघे सुरू होण्याआधी पडेल. शेजारच्या बोटीवर आपला ताबा नसतो. तिथे मी पिंगमधलं अंतर मुद्दाम थोडं अनियमित ठेवतो, दरवेळी एक-दोन मिलिसेकंद इकडे-तिकडे. मग परका ठोका रेघ बनवू शकत नाही, विखुरलेले एकेकटे ठिपके उरतात आणि ते पुढे सॉफ्टवेअरमध्ये सहज निघतात.

कडांकडे वाढणारी खरखर ही विजेच्या गोंगाटाची खूण आहे. तो गोंगाट सतत सारखाच असतो. पण दूरचे पडघे क्षीण असल्यामुळे ॲम्प्लिफायर वेळेनुसार गेन वाढवत नेतो आणि त्याबरोबर गोंगाटही वाढतो. इथे मला पहिला संशय व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या बोर्डाचा येतो. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर बक कन्व्हर्टर मागितला की हातात एलएम२५९६चा बोर्ड पडतो. तो १५० किलोहर्ट्झवर चालतो. त्याचा तिसरा गुणक ४५०, म्हणजे तुमच्या ४५५च्या अगदी उंबरठ्यावर. त्यात ही वारंवारता नगागणिक आणि तापमानागणिक सरकते, त्यामुळे सकाळी स्वच्छ असलेलं चित्र दुपारी गढूळ होऊ शकतं. ॲनालॉग भागाला, निदान पहिल्या ॲम्प्लिफायरला, साधा लिनियर रेग्युलेटर द्या. १२ व्होल्टवरून ५ व्होल्टला १०० मिलिॲम्पियर घेताना ०.७ वॅट उष्णता वाया जाते, ती जाऊ द्या. स्विचिंग बोर्ड टाळता येणारच नसेल तर तो वेगळ्या धातूच्या डब्यात, आत-बाहेर दोन्हीकडे कॉइल-कपॅसिटरची चाळणी लावून ठेवा. सोनारची बॅटरी बोटीच्या बॅटरीपासून पूर्ण तोडा आणि लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा.

सगळ्यात जास्त लक्ष मी केबलला देतो, कारण घरगुती यंत्रात बहुतेक बिघाड तिथेच असतो. कोएक्शियल केबलची क्षमता (कपॅसिटन्स) मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. ३० मीटरचे झाले ३ नॅनोफॅरड. तुमच्या ट्रान्सड्यूसरची स्वतःची क्षमता १.५ नॅनोफॅरड धरली, तर पडघ्याचा व्होल्टेज या दोघांत वाटला जाऊन बोटीपर्यंत एक तृतीयांशच पोचतो. साडेनऊ डेसिबल केबलनेच खाल्ले. वाटेत केबलने गोळा केलेला गोंगाट मात्र कमी होत नाही. टाकीत चालतं आणि धरणात नाही, याचं एक कारण हेच असू शकतं: टाकीत चाचणी करताना केबल गुंडाळलेली, आसपास इंजिन नाही, आणि भिंत दोन फुटांवर, त्यामुळे पडघा जोरदार.

म्हणून पहिला ॲम्प्लिफायर टोफिशमध्ये, ट्रान्सड्यूसरपासून काही सेंटीमीटरवर बसवा. पिंगच्या उच्च व्होल्टेजपासून त्याला वाचवायला मालिकेत एक रोधक आणि उलटसुलट जोडलेले दोन डायोड पुरतात. तिथून वर संकेत एका तारेवर आणि ग्राउंडवर (शून्य व्होल्टच्या सामाईक तारेवर) न पाठवता, पीळ घातलेल्या जोडीवर विरुद्ध दिशांनी पाठवा. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि बोटीत वजाबाकी झाली की बहुतांश जातो. डाव्या-उजव्या बाजूंच्या जोड्यांना स्वतंत्र जाळी (तारांभोवतीचं धातूचं शील्ड) हवी आणि प्रेषणाची तार त्याहून वेगळी. शेकडो व्होल्टची प्रेषणाची तार आणि मायक्रोव्होल्टमधला पडघा एकाच जाळीत राहू शकत नाहीत. हात बसलेला असेल तर संकेत टोफिशमध्येच आकड्यांत रूपांतरित करून वर इथरनेटने पाठवणं सर्वांत उत्तम, पण ते पुढच्या हिवाळ्याचं काम समजा. आधी ॲम्प्लिफायर खाली न्या.

अर्थिंगबद्दल बरीच वेगवेगळी मतं ऐकायला मिळतात. माझी पद्धत अशी: केबलची जाळी टोफिशमधल्या ग्राउंडपासून बोटीतल्या ग्रहणपेटीपर्यंत अखंड ठेवायची आणि त्यानंतर संपूर्ण यंत्रणा अधांतरी ठेवायची. इंजिनाचं ऋण टोक, जीपीएसचं शरीर, लॅपटॉपची यूएसबी, यांतल्या कशाशीही तिचा धातूचा संबंध नको. दुसरा एकही सांधा झाला की वर्तुळ पुरं होतं आणि इंजिनाच्या ठिणग्या जाळीतून वाहू लागतात. यूएसबीसाठी आयसोलेटर मिळतो, तो घ्या.

फेराइटच्या चिमट्यांचंही सांगतो. बाजारातले बरेचसे काही दशक मेगाहर्ट्झच्या वरच्या गोंगाटासाठी असतात. ४५५ किलोहर्ट्झवर केबलभोवती असा एक चिमटा लावून जवळजवळ काही होत नाही. मॅंगनीज-झिंकची मोठी कडी घ्या आणि केबल तिच्यातून सात-आठ वेळा ओवा. परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

धरणात त्रास जास्त आणि समुद्रात कमी, याचंही कारण आहे. खारं पाणी चांगलं वाहक असल्याने ४५५ किलोहर्ट्झची रेडिओलहर त्यात ३७ सेंटीमीटर खोल जाईपर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास उतरते, म्हणजे समुद्र टोफिशला फुकट आच्छादन पुरवतो. गोड्या पाण्यात हेच अंतर काही मीटर होतं. म्हणून धरणात चालवायच्या पीव्हीसी पाइपला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती जाळीला जोडा, फक्त ट्रान्सड्यूसरच्या तोंडासमोर मोकळं ठेवा. आणि ३० मीटर केबल ही रेडिओच्या मध्यम लहरींसाठी बरी ॲंटेना असते हे विसरू नका. ज्यांचे सोनार ८०० किलोहर्ट्झचे आहेत त्यांच्यासाठी पुण्याच्या आसपासची धरणं अवघड परीक्षा आहे: आकाशवाणी पुण्याचं मध्यम लहरींवरचं केंद्र ७९२ किलोहर्ट्झचं, फक्त ८ किलोहर्ट्झ दूर. तुमचं ४५५ या पट्ट्याच्या खाली आहे, पण ते दुसऱ्या वाटेने सापडू शकतं. तुम्ही सेकंदाला १० लाख नमुने घेत असाल तर ५०० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं आरशासारखं खाली दुमडतं. मुंबईचं ५५८ किलोहर्ट्झचं केंद्र ४४२ वर येऊन बसतं. हे आकड्यांत रूपांतर होण्याआधीच अडवावं लागतं, नंतर कोणतंही गणित त्याला वेगळं काढू शकत नाही. म्हणून ॲम्प्लिफायरनंतर आणि रूपांतरकाआधी कॉइल-कपॅसिटरची, ४५५च्या दोन्ही बाजूंना १०-१५ किलोहर्ट्झच उघडी ठेवणारी चाळणी हवी. १०० मायक्रोसेकंदांच्या पिंगला तसाही सुमारे १० किलोहर्ट्झचाच पट्टा लागतो. दरवाजा १०० किलोहर्ट्झ उघडा ठेवला तर दहापट गोंगाट आत येतो आणि पडघा तेवढाच राहतो.

आता आपल्याच आवाजाचे घोटाळे. डावीकडचा मोठा खडक उजवीकडेही फिकट दिसत असेल, तेवढ्याच अंतरावर, तर तो गळतीचा आहे. दोन्ही ट्रान्सड्यूसर एकाच धातूच्या पट्टीवर घट्ट बसवू नका. मागे कॉर्क-रबर द्या. बंद पेशींचा मऊ फोम उथळ पाण्यात छान चालतो, पण ३० मीटरवर चौपट दाबाखाली चेपून निरुपयोगी होतो. दोन्ही बाजू आलटून पालटून वाजवल्या तर गळती मिटते, किंमत म्हणून प्रत्येक बाजूच्या ओळी निम्म्या होतात. चित्राच्या मधल्या काळ्या पट्ट्यात (टोफिश आणि तळ यांमधलं पाणी) लाटांबरोबर हलणारी रेघ दिसली तर तो पृष्ठभागाचा पडघा, आणि तो टोफिशच्या खोलीएवढ्याच अंतरावर असतो. धरणाच्या भिंतीजवळ काम करताना मागच्या पिंगचा पडघा चालू ओळीत घुसतो आणि तळावर नसलेली भिंत दाखवतो. पिंगमधलं अंतर बदलून बघा. खरा तळ जागचा हलत नाही, खोटी भिंत सरकते.

आडवे पट्टे मात्र विजेच्या कामाने जाणार नाहीत. प्रॉपेलरच्या फेसातून ध्वनी गेला की त्या ओळी काळवंडतात. टोफिश फेसाच्या खाली आणि शक्य असेल तर बोटीच्या एका बाजूने ओढा. तळापासूनची उंची पल्ल्याच्या १० ते २० टक्के, म्हणजे ५० मीटरला ५ ते १० मीटर. वेग ३ नॉट ठेवलात तर बोट सेकंदाला दीड मीटर जाते, सेकंदाला १५ पिंग होतात आणि ओळीत १० सेंटीमीटरचं अंतर पडतं, ते पुरेसं आहे. बोटीचा हेलकावा टोफिशपर्यंत पोचू नये म्हणून केबलवर वजन बांधा, ते टोफिशच्या दोन-तीन मीटर पुढे असावं. वजनापासून टोफिशपर्यंतचा तुकडा जवळजवळ आडवा राहतो आणि वरखाली झटके वजनच पचवतं. शेपटीला मीटरभर जाड दोरी मोकळी सोडली तर डोलणं कमी होतं. उभी ताणलेली केबल पाण्यात थरथरते. ८ मिलिमीटर जाडीला या वेगात सेकंदाला साधारण ३७-३८ वेळा. ती थरथर ४५५ किलोहर्ट्झमध्ये ऐकू येत नाही, पण टोफिशला हलवते, आणि सैल कनेक्टर असेल तर तो चित्रात कडकडतो. केबलला कापडाच्या झिरमिळ्या बांधून ती बरीच शांत होते.

एवढं झाल्यावर जे उरेल त्यासाठी सॉफ्टवेअर. कच्च्या नोंदीवर, वेळेनुसारचा गेन आणि तिरक्या अंतराची दुरुस्ती (टोफिशपासूनचं तिरकं अंतर तळावरच्या आडव्या अंतरात बदलणं) लावण्याआधी, प्रत्येक बिंदूची शेजारच्या ओळींतल्या त्याच बिंदूशी तुलना करा आणि मध्यकापेक्षा खूपच वर असलेला बिंदूच मध्यकाने बदला, सरसकट सगळे नाही. कारण असं: १ अंशाची ध्वनिपट्टी ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटीमीटर रुंद असते, म्हणून तिथली खरी वस्तू आठेक ओळींत दिसते आणि परका ठोका एकाच ओळीत. पण १० मीटरच्या आत पट्टी २० सेंटीमीटरच्या आसपास असल्याने खरी छोटी वस्तूसुद्धा एक-दोनच ओळींत येते. तिथे मध्यक लावलात तर नांगराची साखळी पुसाल. मी आतल्या १५ मीटरला हात लावत नाही. पिंगला चर्प करता आला तर आणखी फायदा आहे: ५ मिलिसेकंदांत २० किलोहर्ट्झ सरकणारा पिंग, आलेल्या पडघ्याची सोडलेल्या पिंगशी जुळणी केल्यानंतर, २० डेसिबलपर्यंत वर निघतो आणि परके ठोके पसरून फिके होतात. जवळचे पावणेचार मीटर त्यात आंधळे होतात, पण तुमचा टोफिश तळापासून त्याहून उंच असल्यामुळे तळाचं काही हरवत नाही.

प्रत्येक बदलानंतर एकाच ओळखीच्या वस्तूवरून फिरा. लोखंडी शिडी घ्या, तिला दोर आणि तरंगता डबा बांधून ८-१० मीटर पाण्यात सपाट तळावर सोडा, आणि तिच्यापासून १०, २५ व ४० मीटरवरून समांतर फेऱ्या मारा. जलसंपदा विभागाची परवानगी आधीच काढा, आणि खडकवासल्याला जाणार असाल तर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीतलं पाणी पूर्ण टाळा. १० मीटरवर शिडीच्या पायऱ्या मोजता यायला हव्यात. ४० मीटरवर पायऱ्या एकमेकींत मिसळतील, पण शिडीचा उजळ ठिपका खरखरीतून वेगळा ओळखू यायला हवा. तो येत नसेल तर पुन्हा प्रेषण बंद करून पहिल्या चाचणीपासून सुरुवात करा, आणि ती अर्ध्या मिनिटाची कच्ची फाइल मला पाठवा. चित्र नको, फाइलच पाठवा.